जुन्या गिटारचा ब्रिज : तराजू समजून दुरुस्त करा

नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला लागले की वाडी येते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रान्सपोर्ट कंपन्यांची गोदामे, मालाची वाट पाहणारे ट्रक, आणि त्यांच्या आधाराने चालणारी लहान-मोठी दुकाने. कोणी वेल्डिंग करतो, कोणी लेथवर शाफ्ट काढतो, कोणी कमानपाटे बसवतो. शेजारी ऑर्डनन्स फॅक्टरी, पलीकडे हिंगण्याची एम.आय.डी.सी. लोखंडाची नस ओळखणारे हात या पट्ट्यात पुष्कळ आहेत. हा लेख त्या हातांसाठी आहे. विषय मात्र ट्रकचा नसून गिटारचा आहे.

इलेक्ट्रिक गिटार आज लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, कॉलेजात आणि चर्चमध्ये वाजते. ती घेणारे अनेक तरुण बेताच्या परिस्थितीतले असतात. नवी चांगली गिटार परवडत नाही म्हणून ते वापरलेली, स्वस्तातली घेतात. पहिल्याच कार्यक्रमात कळते की गिटार सुरात राहत नाही. एकदा दांडा दाबला की सहाही तारा बेसूर. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला ही अडचण लहान नाही. दोनदा बेसूर वाजले की तिसऱ्यांदा बोलावणे येत नाही. मग ती गिटार पडेल भावात विकली जाते, किंवा माळ्यावर जाते.

दोष पुष्कळदा एकाच भागात असतो. तारा ज्यावर टेकतात त्या हलत्या ब्रिजमध्ये. ही दुरुस्ती संगीताची कमी आणि फिटरकामाची जास्त आहे, एवढेच या लेखात दाखवायचे आहे.

लोखंडाचा कारागीर आणि सुराचे काम

लोखंड घासणाऱ्याचा सुराशी काय संबंध, असे कोणी विचारील. याचे उत्तर मिरजेत आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणारे कारागीर. हत्यारांचे काम कमी होत गेले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, फरीदसाहेब यांनी तंतुवाद्यांच्या कामाला हात घातला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्या घराण्यांनी तानपुरे आणि सतारी घडवल्या आणि देशभरातल्या गवयांनी त्या वापरल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धार लावणाऱ्या हातांनीच ही कीर्ती मिळवली.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. ज्या हलत्या ब्रिजविषयी आपण बोलत आहोत, तो लिओ फेंडर यांनी १९५४ साली आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर आणला. १९५६ साली त्याचे पेटंट त्यांना मिळाले. हे गृहस्थ स्वतः गिटार वाजवणारे नव्हते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावात त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. दुरुस्तीला आलेली वस्तू कुठे मोडते हे रोज पाहणाऱ्या माणसाने ती रचना केली. आज बाजारात दिसणारे बहुतेक स्वस्त सहा-स्क्रूचे ब्रिज हे त्याच रचनेची नक्कल आहेत. रचना तीच, पण धातू हलका आणि फिनिशिंग कच्चे. बिघाड तिथे आहे.

या दांड्याला बाजारात ट्रेमोलो म्हणतात. खरे पाहता ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणे. हा दांडा सूर खाली-वर करतो, म्हणून जाणकार त्याला व्हायब्रेटो म्हणतात. गिऱ्हाईक दोन्ही नावे घेईल. वस्तू एकच आहे, हे ध्यानात असावे.

हा एक तराजूच आहे

वाणसामानाच्या दुकानात जुना दांडीचा तराजू आपण सर्वांनी पाहिला आहे. दांडीच्या मध्यावर पोलादी धार असते आणि ती धार टणक बैठकीवर टेकते. दोन्ही पारड्यांचा भार सारखा झाला की दांडी सरळ. धार बोथट झाली किंवा बैठकीत मळ साचला की दांडी एका बाजूला अडून राहते आणि वजन खोटे निघते. वजनमापे खात्याचा माणूस शिक्का मारण्यापूर्वी हेच तपासतो.

गिटारच्या ब्रिजमध्ये एका पारड्यात सहा तारा आणि दुसऱ्या पारड्यात मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा. नेहमीच्या सुरात लावलेला नऊ नंबरचा, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची असलेला, तारांचा संच सुमारे ३८ किलोचा ताण देतो. दहा नंबरचा संच सुमारे ४६ किलोचा. तो ताण स्प्रिंगांनी उलट बाजूने तोलावा लागतो. मध्ये आहे ब्रिजची प्लेट. तिची पुढची कड सहा लाकडी स्क्रूंना टेकून डोलते. हीच तराजूची धार. प्लेटखाली जाड ठोकळा असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तारा त्यातून वर येतात, स्प्रिंगा त्यालाच अडकतात आणि दांडाही त्यातच आट्यांनी बसतो.

दांडा दाबला की तारा ढिल्या होतात. सोडला की सर्व काही जिथल्या तिथे परत यायला हवे. परत आले तर ब्रिज चांगला, न आले तर वाईट. बाकी चमक, नाव, डबा यांना अर्थ नाही.

आधी रोग ओळखा

गिटार सुरात लावावी. दांडा तीन-चार वेळा दाबून सोडावा आणि प्रत्येक तार तपासावी. ट्यूनर नसेल तर मोबाइलवरचा चालतो.

सहाही तारा एकाच बाजूला सरकल्या असतील तर दोष धारेत किंवा स्प्रिंगांत आहे. एक-दोनच तारा बिघडल्या आणि त्या चढ्या झाल्या, तर त्या मानेच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीत अडकत आहेत. या पट्टीला गिटारवाले नट म्हणतात. आपल्या बोल्टवरच्या नटाशी तिचा संबंध नाही. अशा वेळी ब्रिजला हात लावू नये. खाच किंचित मोकळी करून तिच्यात शिसपेन्सिलीची पूड भरली तरी बहुधा काम होते.

तार खुंटीवर आठ-दहा वेढे घेऊन गुंडाळली असेल तर तीही सरकते. जाड तारांना दोन-तीन वेढे पुरेत. नवी तार बसवल्यावर ती हाताने हलकेच ताणून पुन्हा सुरात लावावी. हे न करता ब्रिज बदलण्याचा खर्च करणारी गिऱ्हाइके आहेत, आणि तो खर्च करायला लावणारे दुकानदारही आहेत.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. तरंगत्या ब्रिजवर एक तार बोटाने ओढली की बाकीच्या तारा किंचित उतरतात. तो या तराजूचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

खोलण्यापूर्वी

पहिला नियम, मोजमाप लिहून घ्यावे. प्लेट मागच्या बाजूला किती उचललेली आहे, स्प्रिंगा किती आहेत, प्रत्येक तारेचा टेकू किती मागे आहे, हे कागदावर असावे. तारा हळूहळू ढिल्या कराव्यात, मगच स्प्रिंगा काढाव्यात. ताणलेली स्प्रिंग उडाली तर डोळ्याला इजा होते, म्हणून लेथवर वापरतो तो चष्मा इथेही लावावा. स्प्रिंगा ज्या पत्र्याच्या पंजाला अडकतात, त्याला एक बारीक वायर डाखलेली असते. ती अर्थची वायर आहे. ती तुटली तर गिटार ॲम्प्लिफायरवर घूंऽऽ करत राहील आणि दोष तुमच्या माथी येईल. तुटली असल्यास पुन्हा डाख द्यावा.

धार आणि लाकूड

स्वस्त प्लेटच्या स्क्रूच्या छिद्रांना खालून उतार दिलेला नसतो. त्यामुळे प्लेट धारेवर न डोलता छिद्राच्या पूर्ण जाडीवर घासते. प्लेट उलटी करून छिद्रांच्या पुढच्या कडेला काउंटरसिंकने हलका उतार द्यावा, बर काढावा, आणि बारीक एमरी पेपरने कड गुळगुळीत करावी. मुलामा लागेल तेवढाच काढावा. स्क्रूची मान ओबडधोबड असेल तर तीही ड्रिल मशीनमध्ये धरून घासून घ्यावी.

पुढचा दोष आपणच निर्माण केलेला असतो. कोणीतरी सहाही स्क्रू ताकदीने आवळलेले असतात. मग प्लेट हलणार कशी? बाहेरचे दोन स्क्रू प्लेटला नुसते टेकतील इतपत ठेवावेत आणि मधले चार सुमारे दीड मिलिमीटर वर सोडावेत. दोन टेकूंवर प्लेट मोकळी डोलते. पेन्सिलीची पूड किंवा व्हॅसलिनचा अगदी पुसटसा हात पुरतो. ग्रीस थापू नये, त्यात धूळ बसते.

लाकडातली छिद्रे सैल झाली असतील तर टेकूच हलतो, आणि मग वर काहीही केले तरी फुकट. सागवान किंवा शिसवीचा गोल डोवेल फेव्हिकॉल लावून छिद्रात बसवावा आणि रात्रभर वाळू द्यावा. मग स्क्रूच्या गाभ्याइतक्या जाडीचे छिद्र पाडावे. स्क्रूला मेणबत्तीचे मेण लावले की तो लाकूड न फाडता उतरतो. काडेपेटीच्या काड्या कोंबणे हा उपाय चार दिवसांचा आहे.

ब्लॉक : लेथवाल्याचे खरे काम

स्वस्त ब्रिजचा ब्लॉक बहुधा ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचा आणि पातळ असतो. त्यातल्या दांड्याच्या आट्या लवकर मरतात. दांडा डुगडुगतो, कधी निघूनच येतो. या धातूला वेल्डिंग करण्याच्या भानगडीत पडू नये. तो ४०० अंश सेल्सिअसच्याही आत वितळतो. टॉर्च लावली की तुकडा हातचा जातो.

दांडा फक्त डुगडुगत असेल तर नळकामाची पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन-तीन वेढे लावून पाहावी. छिद्राच्या तळाशी छोटी स्प्रिंग टाकली तरी दांडा हवा तिथे थांबतो. आट्या पुरत्या मेल्या असतील तर नवा ब्लॉक करावा. साध्या एम.एस. पट्टीतून तो उत्तम होतो.

माप जुन्या ब्लॉकवरून घ्यावे. सहा तारांची आणि प्लेटच्या तीन स्क्रूंची छिद्रे जुना ब्लॉक वर ठेवूनच उतरवावीत. फुटपट्टीने आखू नयेत. तारेचे छिद्र वरून बारीक आणि खालून मोठे असते. दोन्ही जिथे मिळतात तिथे तारेची गोळी अडकते. या काठावर बर राहिला तर तारा तुटतील. दांड्याच्या आट्या आशियाई गिटारींत बहुधा एम-६ च्या असतात, काहींत एम-५, आणि अमेरिकन बनावटीत इंचाच्या. गेज लावून खात्री करावी. एम-६ टॅपसाठी ५ मिलिमीटरचे आणि एम-५ टॅपसाठी ४.२ मिलिमीटरचे ड्रिल.

जाडी वाढवण्याचा मोह होतो, पण पोकळी पाहावी. ७० मिलिमीटर लांब, ४० खोल आणि १६ जाड पोलादी ठोकळ्याचे वजन छिद्रे धरण्यापूर्वी सुमारे ३५० ग्रॅम भरते. त्याच लांबी-खोलीचा १० मिलिमीटर जाड जस्ताचा ठोकळा सुमारे १८५ ग्रॅमचा असतो. फरक हाताला कळतो. मात्र ब्लॉक पोकळीच्या भिंतीला घासला किंवा मागून बाहेर आला तर सगळी मेहनत वाया. स्वस्त गिटारींचे अंग पुष्कळदा पातळ असते.

पोलादी ब्लॉकने आवाज भरदार होतो, तार जास्त वेळ घुमते, असे वाजवणारे सांगतात. आपण मात्र गिऱ्हाइकाला तेवढेच वचन द्यावे, जे मोजून दाखवता येईल. आट्या मरणार नाहीत, दांडा हलणार नाही, ब्रिज जागेवर परत येईल.

तारांचे टेकू आणि अखेरची जुळणी

प्रत्येक तारेखाली एक लहान टेकू असतो, त्याला सॅडल म्हणतात. तार नेमकी एकाच जागी तुटत असेल तर सॅडलवर बोचरी कड आहे. बारीक पेपरने ती घासावी. उंचीचे ग्रब स्क्रू गंजले असतील तर तेल टाकून थांबावे, जोर करू नये. त्यांचे डोके एकदा गोल झाले की एल-की चालत नाही.

मग जुळणी. तीन स्प्रिंगांनी सुरुवात करावी, जाड तारांना चार-पाच लागतात. तारा सुरात लावाव्यात. प्लेट फार उचलली गेली तर पंजाचे स्क्रू आवळावेत, खाली दबली तर सैल करावेत. प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावावा लागतो, कारण एक पारडे हलवले की दुसरे हलतेच. पाच-सहा फेऱ्यांत मागची फट सुमारे तीन मिलिमीटरवर स्थिरावते. इथे घाई करणाऱ्याचे काम परत येते.

शेवटी बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवावी, आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून वाजवावी. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यावे, उतरा असेल तर पुढे आणावे.

बदलायचाच असेल तर

प्लेटच वाकली किंवा चिरली असेल तर नवा ब्रिज घ्यावा. पण मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पहिल्या स्क्रूच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. आशियाई बनावटीत ते बहुधा ५२.५ किंवा ५४ मिलिमीटर असते, आणि जुन्या अमेरिकन मापात ५६ च्या आसपास. दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने छिद्रे जुळत नाहीत आणि अंग पुन्हा भोकसावे लागते. ब्लॉकची खोलीही त्याच वेळी पाहावी.

आणि सर्वांत स्वस्त उपाय शेवटी सांगतो, कारण तोच सर्वांत कमी सांगितला जातो. गिऱ्हाईक दांडा वापरतच नसेल तर ब्लॉक आणि पोकळीची भिंत यांच्यामध्ये सागवानी पाचर घट्ट बसवावी आणि स्प्रिंगा आवळाव्यात. ब्रिज हलायचा बंद होतो आणि धारेचा, स्प्रिंगांचा प्रश्नच मिटतो. उद्या मन बदलले तर पाचर काढता येते.

हिशेब आणि ऐब

समजा, आपल्या दुकानाचा तासाचा हिशेब २०० रुपये आहे. नवा ब्लॉक, धार आणि जुळणी मिळून साडेचार तास लागले तर मजुरी ९०० रुपये, सामान १५० धरले तर १,०५० रुपये. पाचरीचे काम अर्ध्या तासाचे, १०० रुपये. नुसती सफाई आणि जुळणी दीड तासाची, ३०० रुपये. हे तिन्ही आकडे काम घेण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर ठेवावेत. दुरुस्तीचा खर्च गिटारच्या विक्रीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर तेही स्पष्ट सांगावे. त्या दिवशी काम गेले तरी माणूस जात नाही. वादक एकमेकांना ओळखतात, आणि एका वादकाचा शब्द दहा जणांपर्यंत पोचतो.

जुना माल घेणाऱ्या-विकणाऱ्या बांधवांनाही हेच सांगणे आहे. गिटार घेताना दांडा दाबून सूर तपासावा, मागचे झाकण उघडून ब्लॉक पाहावा, स्क्रूभोवतीच्या लाकडाला चीर आहे का ते पाहावे. विकताना जो ऐब असेल तो सांगूनच विकावा. दांडा काढून ठेवायचा आणि "हिला दांडा नसतोच" असे सांगायचे, ही फसवणूक आहे. ती पहिल्याच कार्यक्रमात उघडी पडते.

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. व्हर्नियर, टॅप, कानस, ड्रिल आणि लेथ आपल्याकडे आहेतच. भर घालायची ती एका ट्यूनरची, थोड्या बारीक हत्यारांची आणि कानाच्या सवयीची. एखादी मोडकी गिटार भंगाराच्या भावात घेऊन शागिर्दाला तीवर शिकू द्यावे. ट्रकचे काम मंदीत थांबते, तेव्हा दुकानात दुसरा हुन्नर असलेला बरा.